शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

६ जानेवारी, सोमवार

दैनंदिनी लिहायला घेतली म्हणून ह्यांनी सकाळी चहा पिता पिताच टोमणा मारला, "शिकवायला कुणी उरलं नाही, आता वहीला शिकवणार वाटतं." मारू देत. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यापासून मी घरभर सगळ्यांच्या चुका काढत फिरते, असं ह्यांचं म्हणणं आहे. खोटं नाही. पण आज मला काम मिळालं.

हॉस्पिटलकडे जाणारी बस नव्या वर्षापासून बंद झाली. प्रवासी कमी होते म्हणे. जे थोडे होते त्यांत डायलिसिसला जाणारी माणसं होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला खिडकीताई राहतात. जन्मभर सिनेमाच्या तिकीट खिडकीत बसल्या, म्हणून खिडकीताई. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनवर जाऊन रक्त साफ करून घ्यावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास लागतो, आणि कायमचं बंद केलं तर माणूस फार दिवस काढत नाही. शुक्रवारी त्यांची खेप चुकली. काल त्यांची लेक दारोदार फिरत होती, कुणाची गाडी मिळते का बघत. माझ्याही दारात आली.

माझी शिकवणीची गाडी अंगणात तशीच उभी होती. टपावरची पाटी काढली, गोंदाचा चौकोन मात्र अजून निघत नाही. आज खिडकीताईंना शेजारी बसवलं. मागे बसलं की त्यांना मळमळतं. मागच्या सीटवर पोस्टमन. निवृत्त, कानानं अधू, तेही मशीनवालेच. बसल्या बसल्या घोरायला लागले.

शेजारच्या सीटपुढे अजून शिकवणीचा दुसरा ब्रेक आहे. शिकाऊ माणूस गडबडला की मी तिथून गाडी थांबवायचे. खिडकीताईंना बजावलं, "ह्याच्यावर पाय ठेवायचा नाही हं."

"मास्तरीण," त्या म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांना आत सोडलंय. अडवायचं काम दारावरच्याचं."

८ जानेवारी, बुधवार

खिडकीताई गाडीत बसल्या तेव्हा गल्लीतून तीन बायका खिडकीशी वाकल्या. कसं वाटतंय, फार दुखतं का, सुई जाड असते का. त्या सगळ्यांना हसून उत्तर देत होत्या. गाडी चौकाबाहेर पडल्यावर म्हणाल्या, "विचारतात सगळे. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही."

मला हे इतकं पटलं की तिथल्या तिथे नियम करून टाकला. गाडीत दुखणं काढायचं नाही. मशीन, रक्त, सुई, डॉक्टर, काही नाही. गाडीत बसलं की माणूस नुसता प्रवासी.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग मॅटिनीला कोण कुणाबरोबर यायचं ते सांगायला लागल्या. आमच्या गावातले निम्मे संसार त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक आहेत. हॉस्पिटलच्या फाट्यावर वळताना माझा हसून हसून तोल जायची वेळ आली.

२७ जानेवारी, सोमवार

आता गाड्या चालवणाऱ्या आम्ही तिघी झालो. माझी धाकटी जाऊ आणि बेकरीवाली. जाऊ माझ्याच हाताखाली गाडी शिकली, तरी वळणावर अजून माझ्याकडे बघते, मी गाडीत नसले तरीसुद्धा. बेकरीवालीच्या गाडीत बसलेला माणूस दिवसभर पावासारखा दरवळतो. पहाटेची भट्टी उरकली की ती पीठ लागलेल्या हातांनीच स्टिअरिंग धरते.

बस बंद झाल्यावर नगरपालिकेला अर्ज केले होते, उत्तर नाही. आम्ही तीन बायकांनी जुन्या गाड्या काढल्या आणि कुणाची खेप चुकली नाही. हे लिहिताना छाती जरा फुगते. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पाठ थोपटून घ्यायला वळावं लागेल तुला." स्वतः मात्र रविवारी गुपचूप गाडी धुऊन ठेवली.

नियम तिन्ही गाड्यांत लागू केला. जाऊ म्हणाली, "वहिनी, एखाद्याला बोलायचंच असेल तर?" म्हटलं, बोलायला हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. आमची गाडी ही त्यांची सुट्टी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खिडकीताई मशीनवरून उठल्या आणि दारात कोसळल्या. नर्सनं आणि मी धरून बसवलं. ओठ पांढरेफटक. नर्स म्हणाली, "हल्ली दर वेळी रक्तदाब असा खाली येतो." गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले. फाट्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "मास्तरीण, एक विचारू?"

"दुखण्याचं सोडून काहीही विचारा," मी म्हटलं. वाटलं, त्यांना हसू येईल.

त्या म्हणाल्या, "हा रस्ता वळला नाही, सरळ गेला, तर कुठे जातो हो?"

मला माहीत नव्हतं. शिकवणीची गाडी मी कधी इथवर आणली नव्हती, आणि आता आम्ही कायम वळतोच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवा माणूस आला, सुतार. साखरेच्या आजारानं किडन्या गेल्या, आणि एक पाय गुडघ्यात वाकत नाही. त्याला पुढचीच सीट लागते. जाऊच्या गाडीत पुढे कंडक्टरीणबाई असतात, त्यांच्या कमरेला पट्टा. बेकरीवालीच्या पुढे तिची स्वतःची सासू. माझ्या पुढे खिडकीताई. त्याच्या बायकोला नाही म्हणावं लागलं. तिनं नुसती मान हलवली. कुठल्या तरी भाचीच्या मोपेडवर पाय लांब करून नेतात त्याला.

घरी येऊन ह्यांच्यावर विनाकारण खेकसले. एक सीट. सगळं अडलं ते एका सीटवर, आणि मी काहीच करू शकत नाही.

३ मार्च, सोमवार

आज खिडकीताई खुशीत होत्या. इतक्या दिवसांत असा चेहरा पाहिला नव्हता. मानेमागे घ्यायची त्यांची मऊ उशी त्यांनी पोस्टमनना देऊन टाकली. म्हणाल्या, "ठेवा. मला आता फार दिवस लागणार नाही." पोस्टमनना ऐकू आलं नाही, त्यांनी आभार मानून ती डोक्याखाली घेतली.

मग मला म्हणाल्या, "त्या सुताराला सांगून ठेवा, पुढची सीट मोकळी होतेय."

माझ्या जिभेवर आलं होतं, म्हणजे काय? पण नियम माझाच. गिळून टाकलं.

हॉस्पिटलात नर्सला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मायलेकींना बोलावलं होतं. बराच वेळ बसल्या होत्या आत." एवढं सांगून ती दुसऱ्या मशीनकडे वळली. परत सोडताना लेक दारात उभी होती. डोळे रडून लाल. आईला धरून आत नेताना मला म्हणाली, "थँक्यू मावशी, सगळ्यासाठी." सगळ्यासाठी!

४ मार्च, मंगळवार

रात्रभर डोक्यात तेच, आणि सकाळी भाजी चिरताना एकदम उलगडा झाला. किडनी मिळाली! दुसरं काय असणार? डॉक्टरांनी दोघींना बोलावलं, लेकीची किडनी जुळली असणार, म्हणून लेक रडली. म्हणून फार दिवस लागणार नाही. म्हणून सीट मोकळी होतेय. सुरी हातात घेऊनच जाऊला फोन केला. ती किंचाळली. तिनं बेकरीवालीला सांगितलं. बेकरीवाली म्हणाली, केक माझा, साखर कमी, सुकामेवा नाही, खिडकीताईंना एवढासा तुकडा चालेल.

ह्यांनी विचारलं, "त्या स्वतः काही बोलल्या का?"

म्हटलं, गाडीत बोलायचं नाही असा नियम आहे ना, कशा बोलतील? हे पेपर उघडून बसले. ह्यांना कुणाच्या आनंदावर विरजण घालायची सवयच आहे.

५ मार्च, बुधवार

लिहवत नाही, पण लिहिते.

हॉस्पिटलला जाताना गाडी बेकरीपाशी थांबवली. जाऊ आणि बेकरीवाली टाळ्या वाजवत बाहेर आल्या. केकवर क्रीमनं तिकीट खिडकी काढली होती, आत दोन डोळे. बेकरीवालीनं काचेतून खिडकीताईंचे हात धरले. "अभिनंदन!"

"कशाचं गं?"

"आता लपवताय काय! किडनीचं!"

खिडकीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मूर्खासारखी हसत होते. मग त्याही हसल्या. बेकरीवालीच्या गालाला हात लावला, बोटानं केकवरच्या खिडकीच्या कोपऱ्यातलं क्रीम उचलून चाखलं आणि म्हणाल्या, "झकास झालाय." पोस्टमननी मोठा तुकडा घेतला आणि कुणाचा वाढदिवस आहे ते विचारलं. आम्ही पोट धरून हसलो.

फाट्याच्या थोडं अलीकडे गाडी गचकन थांबली. मी ब्रेक लावला नव्हता. डोकं स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचलं, गाडी बंद पडली, मागून ट्रकचा भोंगा. खाली पाहिलं तर खिडकीताईंचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर होता. सुजलेला पाय, चपलेचा पट्टा रुतलेला. दोन्ही हातांनी सीट धरून त्यांनी तो दाबून ठेवला होता.

"पोचलो का?" पोस्टमननी मागून विचारलं.

"मास्तरीण," खिडकीताई म्हणाल्या, "किडनी-बिडनी काही मिळालेली नाही. माझं हृदय थकलंय, ते ऑपरेशन मला झेपायचं नाही. मी मशीन बंद करतेय. आजची खेप शेवटची. लेकीला कबूल केलंय म्हणून आजची."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. तुम्हाला कधीपासून सांगायचं होतं."

ट्रकवाला शेजारून शिव्या देत गेला. मी किल्ली फिरवली, गिअर काढायला विसरले, गाडीनं उडी मारली. नवशिक्यासारखी. एवढी वर्षं लोकांना ओरडत आले त्या चुकीसाठी. त्यांनी पाय काढून घेतला आणि साडी नीट केली. मी वळले.

केक बेकरीवालीकडेच राहिला. ती मला फोनवर विचारते, ठेवू का टाकू.

७ मार्च, शुक्रवार

नेहमीच्या वेळी त्यांच्या दाराशी गाडी उभी केली. भोंगा वाजवला. परत वाजवला. पडदा हलला, पण दार उघडलं नाही. पोस्टमनना उशीर होत होता म्हणून निघावं लागलं. पुढची सीट रिकामी घेऊन गेले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंना गाठलं. माझ्या लेकीच्या वयाची पोर. मी आवाज चढवला, की तुम्ही असं कसं होऊ देता. ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी विचार करून ठरवलंय. दर खेपेला त्यांना किती त्रास होतो ते तुम्ही पाहिलंय. त्रास कमी होईल असं सगळं आम्ही करू, घरी नर्स जाईल. तुम्ही त्यांच्या कोण?"

म्हटलं, "ड्रायव्हर."

ती हसली नाही. मला बसायला खुर्ची दिली, हे आणखीच वाईट.

९ मार्च, रविवार

खिडकीताईंची लेक आली. स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीवर बसली आणि टेबलावर डोकं टेकून रडली. "तुमचं ऐकते ती, मावशी. तुम्ही सांगा. मी सांगून थकले."

मी गेले. सगळं करून पाहिलं. रागावले, हात जोडले, सुताराला जागा देण्यासाठी मरायची गरज नाही, मी आणखी एक गाडी उभी करते म्हणाले. खिडकीताई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण डोळे टवटवीत.

"सुतारासाठी नाही हो," त्या म्हणाल्या. "मशीनवरून येते, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. उठते तोवर परत जायचा दिवस. ही कामावरून येते तेव्हा मी झोपलेली. वर्ष झालं, लेकीशी धड बोलले नाही. मला थोडे दिवस जागं राहायचंय."

"थोडेच ना!" लेक दारातून ओरडली आणि बाहेर निघून गेली.

"मग मी गाडी कशाला चालवली?" माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर लाज वाटली, पण खरं तेच होतं. त्या जगायला हव्यात, त्यांच्यासाठी की माझ्या गाडीसाठी, हे मला सांगता येत नाही.

"बस बंद झाली तेव्हा मी अशीच गेले असते," त्या म्हणाल्या. "बसअभावी. तुम्ही नेलंत म्हणून मला ठरवता तरी आलं."

मला ह्यात काडीचा दिलासा वाटला नाही. उंबरा ओलांडताना मात्र त्यांनी हाक मारली. "उद्या सोमवार. नेहमीच्या वेळी याल ना?"

धावत घरी आले आणि ह्यांना सांगितलं, त्या येणार आहेत.

१० मार्च, सोमवार

पोस्टमनना जाऊकडे दिलं. खिडकीताईंना मी आणि लेकीनं धरून पुढच्या सीटवर बसवलं. लेक मागे बसली. कामावर गेली नव्हती. उशी पोस्टमनकडे गेली म्हणून मी घरून आणली होती.

मायलेकी बोलत होत्या. लेकीनं लहानपणी तिकीट खिडकीखाली बसून अभ्यास केला, तिथून तिला फक्त लोकांचे बूट दिसायचे, असलं काहीतरी. दोघी हसत होत्या. मी ऐकत नव्हते. मी फाट्याची वाट बघत होते.

फाटा दिसला. मी वेग कमी केला आणि इंडिकेटर लावला. कुणी काही म्हटलं नव्हतं, मीच लावला. टिकटिक चालू राहिली. वाटलं, आता पुन्हा ब्रेक दाबतील. त्यांचे पाय सीटखाली ओढून घेतलेले होते. त्यांनी हात पुढे केला, स्टिअरिंगमागची दांडी चाचपली आणि इंडिकेटर बंद केला.

"सरळ, मास्तरीण. एकदा बघू तरी."

मी सरळ गेले. रस्ता कुठेच खास जात नाही. विटांचं गोदाम, पेट्रोल पंप, टायरांचा ढीग, मग एक बंद शाळा आणि तिच्यामागे तळं. आम्ही काच खाली करून बसलो. लेकीनं आईच्या तोंडात बर्फाचा खडा ठेवला, पाणी पिता येत नाही म्हणून. त्यांना श्वास लागत होता. प्रत्येक श्वास मला ऐकू येत होता.

"फार त्रास होतोय का?" मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या माझ्याकडे वळल्या. "गाडीत दुखणं काढायचं नाही," म्हणाल्या आणि माझ्या हातावर चापटी मारली.

"नियम गेला खड्ड्यात. सांगा."

"होतोय," त्या म्हणाल्या. "खूप होतोय." आणि मग सगळं सांगितलं, कुठे, कसा, कधीपासून. लेक मागे रडत होती. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, गाडी उभी असूनसुद्धा.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी लेकीचा फोन आला. आई शेवटपर्यंत बोलत होती म्हणाली, शेवटी नुसतं मधे मधे. काल दुपारी मॅटिनीतल्या कुणाची तरी गोष्ट अर्धी राहिली, ती मला माहीत आहे का असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हती.

हे गाडी धूत बसले. गाडी स्वच्छच होती.

२४ मार्च, सोमवार

आजपासून सुतार. त्याचा न वाकणारा पाय पुढे ठेवला की बरोबर त्या ब्रेकवर येतो. काल मेकॅनिकनं पेडल काढून दिलं. फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाई, आता लागणार पण कुणाला?" घरी आणून पडवीतल्या फळीवर ठेवलं. तिथं शोभत नाही. दुसरीकडे कुठे ठेवायचं ते सुचत नाही.

सुतार संकोची माणूस. चौक ओलांडल्यावर म्हणाला, "ताई, ह्या गाडीत आजाराचं बोलायचं नसतं, असं ऐकलंय."

"नसायचं," मी म्हटलं. "आता बोला."

तो बोलायला लागला. पाय रात्री कसा जळतो, सुई कुठे टोचतात, रंधा हातात धरला की बोटं कशी झोपतात, बायको झोपल्याचं सोंग करून कशी जागी असते. पोस्टमन मागे घोरत होते, खिडकीताईंच्या उशीवर. फाटा येईपर्यंत त्याचं संपलं नाही. त्यातलं काहीही मला दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. मी सगळं ऐकलं, इंडिकेटर लावला आणि वळले.